मत बनवायच्या आधी सातबारा बघा

मे महिन्यात मुंबईहून गावी आलेली मंडळी दुपारी दोन वाजता पडवीत आडवा झालेला बागायतदार बघतात आणि त्यांचं मत पक्कं होतं: कोकणी माणूस आळशी. मला हे मत फार खटकतं. माणसाच्या एका तासावरून त्याच्या सगळ्या जगण्यावर ते शिक्का मारून मोकळं होतं.

त्या दिवसाची सुरुवात कुठून झाली ते पाहा. हापूसची तोडणी उजाडताच सुरू होते आणि ऊन चढायच्या आत आटपावी लागते. झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी बांधलेल्या काठीने, एकेक आंबा देठासकट उतरवायचा. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो, भाव उतरतो. काढलेलं फळ उन्हात राहिलं तर साका व्हायचा, म्हणजे आतला गर खराब व्हायचा, धोका वाढतो, म्हणून ते लगेच सावलीला न्यायचं. मग वजनाप्रमाणे निवड, पेंढा घालून पेट्या भरणं आणि संध्याकाळी वाशीला जाणारी गाडी गाठणं. पडवीतली ती झोप या दोन पाळ्यांच्या मधली असते.

दुसरं मत असं की, हे लोक दलालाच्या नादी का लागतात, थेट गिऱ्हाइकाला का विकत नाहीत? प्रश्न चुकीचा नाही, पण तो विचारताना पैशाचं वेळापत्रक डोळ्यांसमोर हवं. पालवी आणि मोहोर आल्यापासून तुडतुडे, करपा, भुरी अशा कीड-रोगांसाठी फवारण्या सुरू होतात. औषधं, पंपाचं इंधन, गड्यांची मजुरी, राखणदाराचा पगार हा सगळा खर्च हिवाळ्यातच सुरू होतो आणि आंब्याचा पैसा हातात येतो एप्रिल-मेमध्ये. मधले महिने अनेक जण दलालाच्या उचलीवर, म्हणजे त्याच्याकडून आगाऊ घेतलेल्या पैशावर, काढतात. उचल घेतली की माल त्याच दलालाच्या गाळ्यावर पाठवायचा, हे ठरलेलंच. थेट विक्री करायची तर आधी ही उचल फेडावी लागते. बागायतदार गप्प बसतो तेव्हा त्याला व्यवहार कळत नाही असं समजू नका. चारचौघांत उचलीचा आकडा सांगायला कुणाला आवडेल?

तिसरं मत पडीक जमिनीबद्दलचं. ‘एवढी जागा आहे, काजू तरी लावा.’ हे म्हणण्याआधी त्या जमिनीचा सातबारा उघडून बघा. बऱ्याच ठिकाणी वारल्याला वर्षं झालेल्या आजोबा-पणजोबांची नावं अजून तशीच असतात. आधी वारस नोंद करावी लागते, मग वाटप. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो, पण मालकी हक्काचाच वाद निघाला तर गाडी दिवाणी न्यायालयात अडकते. सामाईक जमिनीवर कर्ज काढायला गेलं की सहहिस्सेदारांच्या सह्या मागतात. एक चुलतभाऊ सुरतला, एक आत्या कल्याणला, एकाचा पत्ताच नाही. आणि काजू लावला तरी धरेपर्यंत तीन-चार वर्षं राखायचा, त्यात वानर आणि रानडुकरांचा त्रास. कुंपणाचा पैसा कुणी घालायचा आणि उत्पन्न कुणी घ्यायचं, इथेच घरात भांडण पेटतं. झाडं न लावता नातं टिकवणं हा त्या माणसाने जाणूनबुजून घेतलेला निर्णय असू शकतो.

म्हणून विचारताना ‘का करत नाही?’ असा सूर नको. त्या शब्दांत आरोप असतो आणि समोरचा सबबी सांगू लागतो. ‘यंदा फवारणी कधीपासून लागली?’, ‘सह्या कुणाकुणाच्या लागतात?’ असं विचारलं की माणूस मोकळा बोलतो. हे सगळ्यांसमोर नको, एकट्याला विचारा. ऐकताना मध्येच आपल्या ऑफिसचा दाखला देऊ नका. आणि ऐकून झालं की जे समजलं ते त्यालाच सांगून बघा, ‘म्हणजे उचल फिटेपर्यंत तुम्हाला हलता येत नाही, असंच ना काका?’ आपलं चुकलं असेल तर तो तिथेच दुरुस्त करतो.

गावातल्यांनीही चाकरमान्याला ‘पैशाचा माज’ म्हणताना थोडं थांबावं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात. घराचा हप्ता, बिनपगारी रजा, मुलांची शाळा, एवढं सांभाळून तो पाच दिवस येतो. त्यातला एक दिवस घराची कौलं शाकारायला का देत नाही, याचं उत्तर बहुतेक त्याच्या रजेच्या अर्जावर असतं.

समजून घेतलं म्हणजे पटलंच पाहिजे असं मात्र नाही. एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी आणली. उजेडाकडे मासळीचे थवे ओढले जातात, त्यात लहान मासळीही जाळ्यात येते, आणि किनाऱ्याजवळच्या छोट्या होड्या रिकाम्या परततात. अशा नौकेच्या मालकाचं कर्ज, डिझेल, बर्फ, खलाशांचे पगार, सगळं ऐकून घेतल्यावरही हे दिवे बंदच व्हायला हवेत, असं मला ठामपणे वाटतं. पण त्याला दर्यावरचा चोर म्हणून सोडून देणं मला मान्य नाही. कर्जाचा हप्ता थांबत नाही तोवर तो दिवा विझवणार नाही. बंदीच्या अंमलबजावणीसाठी निवेदन द्याल, तेव्हा त्यातच कर्जाचे हप्ते लांबवून देण्याची मागणी घाला, आणि कागद अधिकाऱ्यांकडे जाण्याआधी त्या मालकाला वाचायला द्या.