अडीच डॉलरचा संच : १५ पैकी १०

गेल्या शनिवारी इथे न्यू जर्सीत नाण्यांच्या प्रदर्शनात १९१२चं नाणं मिळालं आणि माझा इंडियन हेड अडीच डॉलरचा, म्हणजे पिसांचा टोप घातलेल्या मूळ अमेरिकनाचं डोकं असलेल्या अमेरिकन सोन्याच्या नाण्यांचा, संच दहावर गेला. १९०८ ते १९२९ मधली साल आणि टांकसाळ धरून एकूण पंधराच नाणी, त्यामुळे नोकरदाराला हा संच झेपतो. १९२५ ते १९२९ची पाच सहज जमली. उरलीत १९०९, १९१०, १९१४ची दोन्ही आणि १९११ची डेन्व्हर टांकसाळीची.

माझा जीव जडला तो कोरणीवर. शिल्पकार बेला लायन प्रॅटने चित्र उठावात न घेता पृष्ठभागाच्या आत कोरलं. कल्पना तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे मित्र डॉ. बिगेलो यांची, इजिप्तच्या शिल्पांवरून सुचलेली. खाचांत मळ साचून रोगराई पसरेल, अशी ओरड फिलाडेल्फियाच्या एका नाणेव्यापाऱ्याने तेव्हा केली होती. पारखायला मात्र हे नाणं अवघड. एरवी झीज आधी गालावर, केसांवर दिसते. इथे मोकळी सपाट जागाच सगळ्यांत उंच, म्हणून पहिले ओरखडे तिथेच. मी ते दिव्याखाली तिरपं धरून सावकाश फिरवतो. चकाकी कुठे न तुटता गोल फिरली, तर नाणं फारसं हाताळलेलं नाही.

१९०९चं एक घेऊन परत करावं लागलं. घरी भिंगातून कड पाहिली, तर डोक्याच्या बरोबर वर दाते बुजलेले आणि तिथे फिकट ठिपका. डाख! कुणीतरी कडी लावून लॉकेट केलं होतं, मग कडी काढून उजाळा दिला. आजीच्या पुतळ्यांच्या माळेत प्रत्येक पुतळीच्या डोक्यावर असाच डाख होता, म्हणून नजरेने लगेच पकडला. अशा नाण्याला सोन्याच्या भावापेक्षा फार जास्त देऊ नये. हिशेब सोपा आहे: वजन ४.१८ ग्रॅम, त्यात ९०० शुद्धता, म्हणजे ३.७६ ग्रॅम निव्वळ सोनं. त्याला त्या दिवसाच्या भावाने गुणायचं. त्यावरचे पैसे जातात ते साल, टांकसाळ आणि अवस्थेला.

१९१२चं नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात तोललं. वजन ०.२४ ग्रॅमने घटलं. ४.१८ला त्याने भागलं, तर घनता १७च्या थोडी वर, हवी तेवढी. पण खऱ्या सोन्यात पाडलेली नकली नाणीही या परीक्षेत पास होतात, हे नव्यांनी ध्यानात ठेवा. १९११च्या डेन्व्हरची तर फक्त ५५,६८० पाडली, आणि फिलाडेल्फियाच्या नाण्यावर डेन्व्हरची खूण असलेला डी चिकटवणारे कमी नाहीत. डेन्व्हरचं मी पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या कंपन्यांच्या बंद डबीतलंच घेणार. त्याच्यासाठी दर महिन्याला वेगळे पैसे बाजूला टाकतोय.

त्याआधी १९१४चं फिलाडेल्फिया. शनिवारच्याच विक्रेत्याकडे दोन आहेत. एकाच्या पिसांच्या रेषा जास्त स्पष्ट आहेत, पण गालासमोरच्या मोकळ्या जागेत लांब चरा आहे. दुसऱ्याचा छाप पुसट उमटलाय, पण ते स्वच्छ आहे. पुढच्या महिन्यात दोन्ही शेजारी ठेवून पाहणार. सध्या कल दुसऱ्याकडे आहे.