मालवणात एक निवांत दिवस, तिथी बघून

मालवणला एकच दिवस हातात असला की बहुतेक गट एकाच पद्धतीने फसतात. सकाळी डॉल्फिन, मग स्कुबा, मग त्सुनामी बेट, दुपारी किल्ला, संध्याकाळी देवबागचा संगम. पाच ठिकाणं म्हणजे पाच वेळा बोटीची वाट बघणं, पाच वेळा ओले कपडे आणि जेवणाला चार वाजणं. रात्रीपर्यंत सगळे इतके दमलेले असतात की जवळच्या गावात दशावताराचं नाटक चालू असूनही कोणी उठत नाही. खाली दिलेला दिवस याच्या उलट आहे: सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) आणि किल्ला, दुपारी जेवण आणि झोप, संध्याकाळी ओहोटी, रात्री नाटक. स्कुबा मुद्दाम वगळलंय. त्याला अर्धा दिवस जातो आणि पाणी गढूळ निघालं तर हाताशी काही लागत नाही.

चार-पाच जणांचा गट, पाठीवर सॅक आणि मुक्काम मालवण शहरातच, असं धरून हे लिहिलंय. तारकर्ली सुंदर आहे, पण गाडी नसेल तर तिथून प्रत्येक गोष्टीसाठी सहा-सात किलोमीटर रिक्षा करावी लागते. शहरात एसटी स्टँड, बाजारपेठ, जेटी आणि चिवला किनारा सगळं चालण्याच्या अंतरात आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी कुडाळला उतरायचं. तिथून मालवण साधारण तीस किलोमीटर, एसटीने तास धरा. रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँड एका जागी नाहीत, मध्ये रिक्षा लागते. तुतारी एक्सप्रेसचं तिकीट काढताना तारीख नीट बघा. ती दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते, त्यामुळे शुक्रवारी रात्री निघणाऱ्याला शनिवारचं तिकीट लागतं. दर हंगामात कोणीतरी आदल्या दिवशीच्या गाडीचं तिकीट घेऊन फलाटावर उभं असतं.

तारीख ठरवण्याआधी पंचांग उघडा. कोकणात भरतीचा एक जुना हिशोब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी, जिला इथले लोक सुकती म्हणतात. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत हाच हिशोब चालतो, फक्त पक्ष बदलला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते आणि अमावास्या पंधरावी धरायची. तास-अर्ध्या तासाचा फरक पडतो, म्हणून मोबाईलवरच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून घ्या. या दिवसासाठी त्रयोदशी, चतुर्दशी किंवा पौर्णिमा-अमावास्या सगळ्यात सोयीची. त्रयोदशीला भरती पावणेदहाला, म्हणजे ओहोटी चारला. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला आणि ओहोटी साडेपाचला. शिवाय हे उधाणाचे दिवस, त्यामुळे ओहोटीला पाणी एरवीपेक्षा जास्त मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फारसं चढत नाही आणि उतरतही नाही, मग संध्याकाळचा बेत बसत नाही.

महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात किल्ल्याची होडी आणि जलक्रीडा दोन्ही बंद असतात, आणि यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै बंदी असते. अजून एक तारीख तपासा: मसुरे-आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा. ती ठरलेल्या तिथीला नसते, देवीच्या कौलाने ठरते, आणि त्या दोन दिवसांत मालवणात खोली मिळायची आशा धरू नका. जत्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण तो दिवस निवांत नसतो.

सकाळी साडेसहाला चिवल्यावर पोहोचा. स्टँडकडून चालत वीसेक मिनिटं. नशीब असेल तर रापण लागलेली दिसेल. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोलात सोडतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन तुकड्या ते हळूहळू ओढत एकमेकींकडे सरकतात. जाळं वर यायला दोन तास सहज लागतात. दोर ओढायला परक्यांनाही सहसा नाही म्हणत नाहीत, पण आधी विचारा, "काका, हात लावू काय?" एवढं पुरतं. हाताने ओढायला गेलात तर दहा मिनिटांत तळवे सोलतात. दोर कमरेशी घ्या, पाठ मागे झोका आणि टाचा वाळूत रोवून बाकीच्यांच्या तालात मागे सरका. जाळ्यावर पाय देऊ नका. जाळं कोरड्यावर आलं की उत्साहाने हात घालायचा नाही. त्यात जेलीफिश असतात, कधी पाकट असतं आणि त्याच्या शेपटीचा काटा खोल जखम करतो. तारली, बांगडे, पेडवे वेगळे होतात, ओढणाऱ्यांचे वाटे पडतात, उरलेलं तिथेच विकलं जातं. तुम्हाला मूठभर बांगडे देऊ केले तर घ्या. खाणावळीत नेऊन दिले तर बऱ्याच ठिकाणी शिजवण्याचे पैसे घेऊन करून देतात. आणि रापण नसलीच तर नसली. पर्ससीनच्या (थवाच्या थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीने किनाऱ्यालगतची मासळी घटली, त्यामुळे रापणी पूर्वीसारख्या रोज लागत नाहीत. या विषयावर किनाऱ्यावर कोणालाही छेडा, अर्धा तास ऐकायला मिळेल आणि तो वाया जाणार नाही.

पोहायचं असेल तर ते इथेच उरका. तारकर्लीपेक्षा चिवल्याचं पाणी बहुधा शांत असतं. लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा गडद, गुळगुळीत दिसतोय, तिथे पाय टाकू नका. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत समुद्रात जातं आणि माणसालाही घेऊन जातं. सापडलातच तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर या. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी तर ओहोटीच्या वेळी अजिबात उतरायचं नाही, तिथली ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही. जेलीफिशचा चटका बसला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, वाळूने चोळू नका.

न्याहारीला घावणे किंवा आंबोळी-उसळ, आणि नऊच्या आत जेटी. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या इथून सुटतात, दहा-पंधरा मिनिटांत पोचवतात. होडी भरल्याशिवाय सुटत नाही, आणि बहुतेक वेळा तासाभरात त्याच होडीने परत यायला सांगतात. हा तास कमी पडतो. तिकीट काढतानाच "पुढच्या फेरीने आलो तर चालेल का" हे विचारून घ्या, गर्दी नसेल तर चालतं. शनिवार-रविवारी आणि डिसेंबरमधल्या शाळांच्या सहलींच्या दिवसांत रांग मोठी असते. दुपारी जाण्यात तर शहाणपण नाहीच. तटावर सावली नाही आणि दगड तापतो.

कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरात पायाभरणी झाली, १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. होडीतून बघताना दरवाजा कुठे आहे ते शोधत राहा, अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो दडवलाय, आणि गोमुखी बांधणी म्हणजे काय ते एवढ्या स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी कळतं. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोडं पाणी आहे. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात, तेव्हा अंगणातून वाट काढताना आणि फोटो घेताना तेवढं भान ठेवा. तासच मिळाला तर देऊळ आणि एक विहीर बघून उरलेला वेळ तटावर द्या. पश्चिमेच्या तटावरून लाटा दगडाला कशा भिडतात ते पाहिलं की नागमोडी तट का बांधला हे वेगळं सांगावं लागत नाही. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात हा आहे.

जेवणाची सूचना सकाळीच देऊन ठेवा. घरगुती खाणावळी मोजकंच शिजवतात, दोननंतर हवा तो मासा संपलेला असतो. सुरमईच्या तुकडीचा आणि पापलेटचा दर आकाराप्रमाणे ठरतो, तो आधी विचारला नाही तर बिल बघून वाद होतात. चार जणांत दोन सुरमई थाळ्या आणि दोन बांगड्याच्या घेतल्या की खिसा आणि जीभ दोन्ही सांभाळलं जातं. खरं तर बांगड्याचं तिखलंच जास्त मालवणी. त्यात तिरफळं असतात, ती वासासाठी. चावू नका, जीभ बधिर होते. सोलकढी सुरुवातीलाच संपवू नका, शेवटच्या भातावर घ्यायला ठेवा. सोमवारी काही घरांत मासळी शिजत नाही, हेही लक्षात असू द्या. मग दोन तास झोपा. रात्रीचं जागरण यावरच निभणार आहे.

ओहोटीच्या दीड तास आधी दांडी किनाऱ्यावर चला. वाटेत मोरयाचा धोंडा लागतो. खडकावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले आहेत, किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा इथे झाली असं सांगतात. त्याच्या पुढे पाण्यात दिसतो तो पद्मगड. ओहोटीला दांडीवरून तिथे पाण्यातून चालत जाता येतं. कुठे घोटा, कुठे गुडघा. कमरेपर्यंत पाणी लागलं तर वाट चुकली किंवा वेळ चुकली, मागे फिरा. किनाऱ्यावर जाळी विणत बसलेल्या एखाद्या गाबीत (मच्छीमार) काकांना विचारल्याशिवाय निघू नका, कारण वाळूचा पट्टा दरवर्षी थोडा सरकतो. स्लीपर नको, वाळूत रुततात आणि वाहून जातात. पट्ट्याचे जुने सँडल बरे, खडकाला चिकटलेली कालवं पाय कापतात. फोन चेन असलेल्या पिशवीत, सॅक खोलीवर. तटबंदीचे अवशेष आणि छोटं देऊळ बघायला अर्धा तास पुरे. ओहोटीची वेळ झाली की लगेच परत फिरा, सूर्यास्तासाठी रेंगाळू नका. पाणी सुरुवातीला सावकाश चढतं, म्हणून लोक फसतात. तिसऱ्या-चौथ्या तासात त्याचा वेग सगळ्यात जास्त असतो आणि तोवर अंधारही पडतो.

परतताना बंदरावरचा मासळीचा लिलाव बघा. बाजूला उभं राहायचं, टोपल्यांच्या वाटेत यायचं नाही. बाजारात खाजा घ्या, आल्या-गुळाचा. आगळाची (कोकमाच्या रसाची) बाटली सॅकमध्ये घालू नका, हमखास गळते, आमसुलं घ्या.

राहिला दशावतार. तो कुठे आहे हे एका दिवसात शोधायचं तर सकाळी चहा पिताना विचारणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मे महिन्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या गावात नाटक असतंच. दोन प्रकार आहेत. एक, संध्याकाळी सात-आठला सुरू होऊन तीन तासांत आटोपणारं नाटक. दुसरं, जत्रेतलं, जे पालखीची प्रदक्षिणा झाल्यावर मध्यरात्रीच्या सुमारास उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. दम असेल तर दुसरंच बघा. तिकीट नसतं, जमिनीवर बसायचं. चादर, पाण्याची बाटली आणि डिसेंबर-जानेवारीत स्वेटर न्या, देवळासमोर पहाटे दव पडतं. आरतीचं ताट फिरतं तेव्हा त्यात टाकायला सुट्टे पैसे हवेत.

नेपथ्य म्हणजे मागे पडदा आणि पुढे एक बाक. तोच सिंहासन, तोच डोंगर. पेटी, मृदंग आणि झांज एवढ्यावर रात्र निघते. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी येतात, मग काळ्या वेषातला संकासुर. वेद पळवणारा हा राक्षस अस्सल मालवणीत प्रेक्षकांची टर उडवतो, तेव्हा पुढच्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांनी तयारी ठेवावी. त्यानंतर मुख्य आख्यान. संहिता लिहिलेली नसते. कथानक ठरतं आणि संवाद रंगमंचावर जागच्या जागी जुळतात. म्हणून दोन राजांची वादावादी कधी पाऊण तास चालते, आणि तीच बघायची असते. स्त्रीभूमिका पुरुषच करतात. मालवणी फारशी कळत नसली तरी अडत नाही, कारण देव आणि राजे बहुतेक प्रमाण मराठीतच बोलतात. कलावंत आपला रंग आपणच लावतात. लांबून बघायला हरकत नसते, फोटोसाठी मात्र विचारा. नाटक चालू असताना फ्लॅश मारू नका.

परतीची सोय आधी करा. रात्री एसटी नसते आणि गावात रिक्षा मिळत नाही. मालवणातून नेणाऱ्या रिक्षावाल्याशीच जाण्या-येण्याचं आणि थांबण्याचं भाडं ठरवा. बरेचदा तोही नाटक बघायलाच बसतो, मग थांबण्याचे पैसे कमी घेतो. जत्रेतल्या नाटकाची सांगता पहाटे दहीकाल्याने होते, तेवढं बघूनच उठा. खोलीवर येऊन सॅक उचलली की कुडाळकडे जाणारी सकाळची एसटी मिळते, आणि झोप गाडीत काढता येते.