कोशाचे दांडे काढायचे नाहीत

पुण्याला आत्याकडे गेले की कॅम्पातलं लाल देऊळ बाहेरून दिसायचंच. या खेपेला मात्र आधी परवानगी काढली, ओळखपत्र बरोबर घेतलं आणि आम्ही दोघी आत गेलो.

बगदादहून मुंबईत येऊन व्यापार वाढवलेल्या डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेलं हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह, ओहेल डेव्हिड, १८६७ मध्ये पुरं झालं. ससून त्याआधीच, १८६४ मध्ये, गेले. त्यांची कबर याच आवारात आहे. लाल विटांचा उंच मनोरा देखणाच आहे, पण माझा जीव आतल्या कोशात अडकला होता.

पश्चिमेला, म्हणजे जेरुसलेमच्या दिशेला, हा कोश: तोराच्या, म्हणजे मोशेच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवायची जागा. मधोमध चौथरा, तिथून त्या वाचायच्या. बगदादी रीतीत गुंडाळी उभ्या, टणक पेटीत असते; पेटी दारासारखी उघडून ती उभीच वाचतात. मूर्ती कुठेच नाही. सगळ्यात मानाची जागा शब्दाला.

कोश हे नाव आलं ते बायबलमधल्या मूळ कोशावरून, देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीवरून. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायापासून पुढे त्याची आणि त्याच्या तंबूची मापंच मापं येतात. पुष्कळ जण ती पानं भराभर उलटतात. मला तर वाटतं, देवाचा स्वभाव तिथेच जवळून दिसतो. तो कोश बाभळीच्या लाकडाचा, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच, आतून-बाहेरून सोन्याने मढवलेला. चार कोपऱ्यांना चार कड्या, त्यांत दोन दांडे. आणि मग आज्ञा: हे दांडे कड्यांतून काढायचे नाहीत. मुक्काम कितीही लांबला तरी नाहीत. इस्राएल लोक रानात चालतायत, तर त्यांचा देवही उठायच्या तयारीत. पुढे दावीद राजाच्या मनात आलं, आपण गंधसरूच्या घरात राहतो आणि देवाचा कोश तंबूत. तेव्हा नाथान संदेष्ट्याकरवी देवाने विचारलं, मी तंबूतूनच फिरत आलो, मला घर बांधा असं कधी कुणाला म्हटलं का?

तिथून क्वार्टर गेटवरून आम्ही चालतच नाना पेठेत शिरलो. निवडुंग्या विठोबाचं देऊळ लागलं. आषाढी वारीत तुकोबांची पालखी इथे मुक्कामाला असते. पालखी पाहिलेल्या माणसाला दांड्यांचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. फरक आहेच. पादुकांना हात लागावा म्हणून लोक जिवाचं रान करतात. कोशाला स्पर्श करायची मुभा कुणालाच नव्हती. देवाच्या सेवेला नेमलेल्या लेवी वंशातल्या कहाथाच्या वंशजांनी तो खांद्यावर वाहायचा, पण दांड्यांनीच. बाकीच्या लेव्यांना सामानासाठी गाड्या मिळाल्या, त्यांना नाही. त्याच दांड्यांनी देव सोबत यायचा आणि त्याच दांड्यांनी माणूस अंतर राखायचा.

चहाला थांबलो तेव्हा आत्याला चांदीची गोष्ट सांगितली. कोश ठेवायच्या तंबूच्या, म्हणजे निवासमंडपाच्या, उभ्या फळ्या आणि अंतरपटाचे, म्हणजे कोशापुढच्या पडद्याचे, खांब यांच्याखाली चांदीच्या शंभर उथळ्या, म्हणजे बैठका, होत्या, प्रत्येकी एक किक्कार या त्या काळच्या मोठ्या मापाच्या वजनाच्या. ही चांदी शिरगणतीत आली: वीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषामागे अर्धा शेकेल, म्हणजे ठरावीक वजनाची चांदी. श्रीमंताने जास्त द्यायचा नाही, गरिबाने कमी द्यायचा नाही.

‘‘अगं, म्हणजे कुणाच्या देणगीची पाटी लावायची सोयच नाही,’’ आत्या म्हणाली.

सोनं ज्याने त्याने मनाला येईल तेवढं आणलं. इतकं की शेवटी मोशेला पुरे म्हणायला लागलं. पण ज्यावर सगळं उभं राहणार, तिथे सगळे सारखे. हे ज्याने ठरवलं त्याच्यावर माझं प्रेम आहे.

शेवटी गुरुवार पेठेत पंचहौदाला, पवित्र नाम देवालय या चर्चमध्ये. तिथे बसून मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सत्ताविसावा अध्याय वाचला. निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताचा, करूब, म्हणजे पंखांचे स्वर्गीय जीव, काढलेला तो अंतरपट कसा विणायचा हे देवानेच सांगितलं होतं. येशूने प्राण सोडला तेव्हा मंदिरातला पडदा फाटला तो वरून खाली. वरच्या टोकाला माणसाचा हात पोचत नाही.

‘‘मग आता दांडे कुणाच्या खांद्यावर?’’ आत्याने विचारलं.

मी बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय उघडून दिला, तुम्हीच देवाचं मंदिर आहात ते वचन. तिने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, ‘‘तर मग आमच्या गल्लीत एक बाई अंथरुणाला खिळल्यात, किती महिने देवळात आल्या नाहीत. आधी तिकडे जाऊ.’’

आम्ही रिक्षा केली आणि गेलो.