रूट असूनही परमिशन डिनाइड

जुन्या लॅपटॉपवर डेबियन १२ (उबुंटूसारखंच एक लिनक्स) टाकायचं होतं. त्याचा डीव्हीडी ड्राइव्ह कधीचाच गेलाय आणि पेनड्राइव्हवरून बूट व्हायला तो तयारच नाही, मग म्हटलं आहे त्या उबुंटूतूनच शेजारच्या रिकाम्या पार्टिशनवर डीबूटस्ट्रॅपने (चालू लिनक्समधूनच दुसऱ्या फोल्डरात डेबियन उभं करणारी कमांड) डेबियन उतरवू, इन्स्टॉलरची भानगडच नको. पहिल्या रात्री पार्टिशन /एमएनटी वर हाताने माउंट केलं (म्हणजे त्या फोल्डरला जोडलं), डीबूटस्ट्रॅप चालवलं, बेस सिस्टिम बिनबोभाट पडली. लॅपटॉप बंद करून झोपलो.

दुसऱ्या दिवशी आळस नडला. माउंट कमांड कोण टाइप करणार म्हणून फाइल मॅनेजरमध्ये पार्टिशनवर डबल क्लिक केलं, ते /मीडिया खाली उघडलं, टर्मिनलमधून तिथेच सीएचरूट मारला (म्हणजे तो फोल्डरच मूळ सिस्टिम मानून आत शिरलो) आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, टाकायला ॲप्ट ही पॅकेज टाकायची कमांड चालवली. स्क्रीनभर एकच रड: /डेव्ह/नल मध्ये लिहिता येत नाही, परमिशन डिनाइड.

अरे, मी रूट आहे, सगळे अधिकार असलेला युजर! आणि नल म्हणजे लिनक्सची कचराकुंडी, तिथे टाकायलाही परवानगी नाही? एलएस मायनस एल करून फाइलची माहिती बघितली तर सगळं जागच्या जागी, ओळीच्या सुरुवातीला कॅरेक्टर डिव्हाइसचा (ही साधी फाइल नाही, डिव्हाइस आहे याची खूण) सी, पुढे तिन्ही ठिकाणी आरडब्ल्यू (वाचा-लिहायची मुभा), मालक रूट, डिव्हाइसचा नंबर १, ३. तरी सीएचमॉड ६६६ करून सगळ्यांना वाचा-लिहायची मुभा दिली, सीएचओनने मालक परत लावला, मशीन रीस्टार्ट करून परत डबल क्लिक (हो, परत तेच), फरक शून्य.

मग अतिशहाणपणा केला. फाइलच खराब असेल म्हणून ती उडवली, आणि गंमत म्हणजे एरर गेली! मी खूश. पण पाच मिनिटांनी ॲप्ट अपडेट केलं तर रेपोच्या (पॅकेजेस जिथून येतात ते भांडार) डिजिटल सह्या तपासता येत नाहीत म्हणून तक्रार, आणि मध्ये परत तेच नल, परमिशन डिनाइड. पुन्हा एलएस. आता सुरुवातीच्या सीच्या जागी नुसता डॅश, परमिशन ६४४ (लिहायची मुभा फक्त मालकाला), आणि चक्क साइज दिसतेय. कॅट करून बघितली तर आत कुठल्या कुठल्या स्क्रिप्टचा बडबडाट. म्हणजे मी उडवल्यावर पहिल्याच स्क्रिप्टने तिथे लिहायला जाऊन साधी फाइल बनवली होती, कचराकुंडीची माळ्यावरची पेटी झालेली. रूट त्यात लिहू शकत होता, पण ॲप्ट सह्या तपासायचं काम दुसऱ्या, कमी अधिकाराच्या युजरकडून करून घेतं, त्याला ती बंद.

एमकेनॉड या डिव्हाइस फाइल बनवायच्या कमांडला सी १ ३ देऊन खरी नल परत बनवली. बनली गुपचूप, पण उघडताना परत डिनाइड. शेवटी वैतागून नुसतं माउंट टाइप केलं आणि त्या पार्टिशनच्या ओळीत शब्द दिसला: नोडेव्ह.

डोक्यावर हात मारला. डबल क्लिकने माउंट केलं की डेस्कटॉप आपणहून नोसूइड (तिथला प्रोग्रॅम चालवून फाइलमालकाचे अधिकार मिळू न देणारा ऑप्शन) आणि नोडेव्ह लावतो, आणि नोडेव्ह असलं की त्या फाइलसिस्टिमवरची कुठलीही डिव्हाइस फाइल कर्नल उघडूच देत नाही, मग परमिशन ६६६ असो नाहीतर तुम्ही रूट असा. कारण बरोबरच आहे म्हणा, नाहीतर कोणीही पेनड्राइव्हवर तुमच्या हार्डडिस्कची डिव्हाइस फाइल सगळ्यांना खुली करून आणेल आणि तुमच्या मशीनला लावून सगळा डेटा वाचून जाईल. एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं याची यादी) युजर हा ऑप्शन लिहिला तरी नोडेव्ह न सांगता येतो, वर नोएक्झेक (तिथले प्रोग्रॅम चालवायला बंदी) पण. डीबूटस्ट्रॅप असल्या माउंटवर सुरुवातीलाच नाही म्हणतं, पण मी त्याला आदल्या दिवशी हाताने केलेलं माउंट दिलं होतं, सीएचरूट बिचारा काही विचारत नाही.

अनमाउंट केलं, /एमएनटी वर हाताने माउंट केलं, उबुंटूची /डेव्ह आत बाइंड केली (म्हणजे तीच आतही दिसेल अशी जोडली), सोबत कर्नलची माहिती दाखवणारे प्रॉक आणि सिस, कारण सिस्टिम बूट करणारा ग्रब टाकताना हार्डडिस्कची फाइल लागतेच. बाइंड असताना आतली सिस्टिम आरएम मायनस आरएफने पुसू नका, बाहेरच्या चालू उबुंटूची /डेव्ह पण साफ होते. आणि एमकेनॉड हाताने कराल तर मायनस एम ६६६ द्या, नाहीतर यूमास्क ०२२ (नव्या फाइलीच्या परमिशन कापणारं सेटिंग) मुळे ती ६४४ च बनते आणि रूट सोडून सगळे बाहेर.

कर्नल, ग्रब, पासवर्ड, दहा मिनिटांत झालं. रीबूट केल्यावर डेबियनचा लॉगिन आला. वायफाय मात्र नाही, त्याच्या चिपला लागणारं सॉफ्टवेअर, फर्मवेअर, टाकायचं राहिलं होतं.