बी.एड. सायन्स: बेळगावकडच्या मुलांनी अर्जाआधी जुळवायच्या गोष्टी

बी.एड.ला मार्क कमी पडले म्हणून अडलेली मुलं आपल्याकडे तशी थोडी. माझ्या अनुभवात बहुतेकांचं घोडं अडतं ते कागदांवर आणि विषयांच्या जोडीवर.

आधी पात्रता बघू. एनसीटीई, म्हणजे शिक्षक-शिक्षणाची राष्ट्रीय परिषद, हिच्या 2014 च्या नियमांप्रमाणे बी.एड. दोन वर्षांचं आहे. त्यासाठी पदवीला किंवा पदव्युत्तर परीक्षेत किमान 50 टक्के लागतात. यातल्या 'किंवा'कडे कुणी लक्षच देत नाही. बी.एस्सी.ला 47 टक्के आणि एम.एस्सी.ला 60 असतील, तरी अर्ज करता येतो. राखीव गटांना राज्याच्या नियमाप्रमाणे सूट आहे. इंजिनिअरिंगवाल्यांना मात्र 55 टक्के हवेत.

मग विषयांची जोडी. कर्नाटकात हायस्कूलच्या जागा निघतात त्या पीसीएम किंवा सीबीझेड अशा, म्हणजे एकीकडे भौतिक, रसायन, गणित आणि दुसरीकडे रसायन, वनस्पती, प्राणी. बी.एड.मध्ये दोन विषयांच्या अध्यापनपद्धती निवडायच्या असतात आणि त्या पदवीच्या विषयांशी जुळाव्या लागतात. जुन्या तीन-विषयी बी.एस्सी.वाल्यांना हा प्रश्न येत नाही. पण 2021-22 ते 2023-24 या वर्षांत नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाखाली प्रवेश घेतलेल्या तुकड्यांना दोनच मुख्य विषय होते. ज्यांच्याकडे भौतिक आणि गणित आहे, त्यांनी रसायन किती सेमिस्टर केलं हे मार्कलिस्ट पुढ्यात घेऊन मोजावं आणि मागच्या शिक्षक भरतीच्या अधिसूचनेशी ताडून बघावं. बी.एड. झाल्यावर हे कळून काही उपयोग नसतो. मार्कलिस्टवर नुसता सीजीपीए असेल तर टक्केवारीचं रूपांतर विद्यापीठाकडून लेखी घ्यावं. स्वतः दहाने गुणून आकडा टाकला की पडताळणीत तो बदलतो आणि मेरिटमधला नंबर खाली घसरतो.

आता रस्ते. कर्नाटकात सरकारी कोट्याच्या जागांना प्रवेशपरीक्षा नाही. ऑनलाइन अर्ज भरायचा, कागदपत्रं पडताळून घ्यायची आणि मेरिटवर कॉलेज मिळतं. महाराष्ट्रात सीईटी ही राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते: 100 प्रश्न, 90 मिनिटं, त्यात बुद्धिमापन, सामान्यज्ञान आणि अध्यापन अभियोग्यता. आपल्या मुलांना केंद्र म्हणून कोल्हापूर सोयीचं. तिसरा रस्ता म्हैसूरच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेचा. ती एनसीईआरटीची आहे आणि तिची प्रवेशपरीक्षा वेगळी. गंमत म्हणजे कोल्हापूरच्या मुलाला याच परीक्षेतून भोपाळच्या संस्थेकडे जावं लागतं आणि बेळगावच्या मुलाला म्हैसूर मिळतं, कारण विभाग राज्यावरून ठरतात. विज्ञान-गणित शिकवायचं ज्यांनी पक्कं केलंय, त्यांनी हा अर्ज सोडू नये. आपल्याकडे त्याची फारशी चर्चाच होत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो शाळेच्या दाखल्यांत. कर्नाटकच्या अर्जाला पहिलीपासूनच्या शिक्षणाचं व्यासंग प्रमाणपत्र (स्टडी सर्टिफिकेट) लागतं. मुख्याध्यापकांची सही आणि त्यावर बीईओ ऑफिसची प्रतिस्वाक्षरी, दोन्ही हवं. बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकारी, आणि तोही शाळा ज्या तालुक्यात आहे तिथला, तुम्ही राहता तिथला नव्हे. चौथीपर्यंत खानापूर तालुक्यात आणि पुढे बेळगावात शिकलात तर दोन शाळा, दोन ऑफिसं. त्यातही बेळगाव शहर आणि बेळगाव ग्रामीण असे दोन बीईओ आहेत. एप्रिलच्या मध्यापासून मे महिन्यात शाळा बंद असतात, मुख्याध्यापक गावाला गेलेले असतात. म्हणून हे काम शेवटच्या सेमिस्टरमध्येच, मार्चात उरकावं.

ग्रामीण कोट्याबद्दल तर हमखास गैरसमज असतो. घर खेड्यात आहे म्हणून तो मिळत नाही. पहिली ते दहावी सगळं शिक्षण ग्रामीण भागातल्या शाळेत झालेलं हवं. आपल्याकडचा नेहमीचा क्रम म्हणजे सातवीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत आणि आठवीपासून शहरातल्या हायस्कूलला. यळ्ळूरहून रोज बसने बेळगावला शिकायला आलेला मुलगा त्या तीन वर्षांमुळे कोट्याबाहेर जातो. त्याने अर्जात तो रकाना भरूच नये. कन्नड माध्यमाचा कोटाही मराठी माध्यमवाल्यांना लागू नाही, हे वेगळं सांगायला नको.

जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून मिळतो. अर्जात त्यावरचा आरडी नंबर जसाच्या तसा टाकायचा. एक आकडा चुकला तर सिस्टीम दाखला ओळखत नाही आणि तुम्ही जनरल मेरिटमध्ये, म्हणजे खुल्या गटात जाता. मराठा समाज इथे मागासवर्गांच्या 3बी प्रवर्गात येतो. हा दाखला महाराष्ट्राच्या सीईटीला आरक्षणासाठी चालत नाही, कारण त्या राज्याची यादी वेगळी आहे. तिकडे आपल्याला उपयोगी पडते ती सीमाभागाची तरतूद. महाराष्ट्राने दावा केलेल्या 865 गावांत तुमचं गाव हवं, आणि रहिवासी असल्याचा व मातृभाषा मराठी असल्याचा दाखला हवा. कुठला नमुना आणि कुणाची सही, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यावं. गेल्या वर्षीच्या नमुन्याची झेरॉक्स मित्राकडून आणून भरू नये.

नावाचा घोळ तर ठरलेलाच. एसएसएलसीवर (दहावीच्या मार्कलिस्टवर) 'पाटील एस. एम.', आधारवर पूर्ण नाव, पदवीवर आडनाव शेवटी. अर्जात एसएसएलसीवरचंच नाव टाकावं आणि आधार त्याला जुळवून घ्यावं. उलटं करायला गेलात तर बोर्डाकडे दुरुस्ती करावी लागते आणि त्यात प्रवेशाचा हंगाम निघून जातो. एका कागदावर 'बेलगाम' आणि दुसऱ्यावर 'बेळगावी' असेल तर घाबरू नका. नाव 1 नोव्हेंबर 2014 ला अधिकृत बदललं हे पडताळणी करणाऱ्यांना माहीत असतं. त्यासाठी कुणी प्रतिज्ञापत्र करायला सांगत असेल तर पैसे वाचवा.

कॉलेजचे पर्याय भरण्याआधी तिथे जाऊन एकच गोष्ट विचारा: सरावपाठ आणि इंटर्नशिपसाठी कुठल्या शाळा देता? दोन वर्षांत मिळून 20 आठवडे शाळेत काढायचे असतात. पुढे मराठी माध्यमात शिकवायचं असेल तर निदान एक मराठी शाळा त्यांच्या यादीत असावी. प्रकाश-परावर्तनाचा पाठ इंग्रजीत तयार करून मराठी वर्गात घेताना 'आपाती किरण', 'स्तंभिका' हे शब्द ऐनवेळी सुचत नाहीत. ती सवय इंटर्नशिपमध्येच लागते.

जागा मिळाल्यावर दिलेल्या मुदतीत फी भरून मूळ कागदांसह कॉलेजला हजर व्हावं, नाहीतर ती पुढच्याला जाते. राणी चन्नम्मा विद्यापीठाची पदवी घेऊन शिवाजी विद्यापीठाकडे जाणाऱ्यांनी मायग्रेशनचा, म्हणजे विद्यापीठ बदलण्याच्या दाखल्याचा अर्ज निकाल लागताच टाकावा. टीसी आणि मायग्रेशन कॉलेज ठेवून घेतं, तेव्हा देण्याआधी दोन्हींच्या साक्षांकित प्रती आणि स्कॅन करून ठेवावं.