तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यांना विचारलं होतं, तरी गाडी पडून का?

लग्नात विचारतात, बँकेत विचारतात, इंटर्नशिपला आलेली पोरं तर पहिल्याच दिवशी विचारतात. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या डिझाइनच्या गाळ्यात मागच्या भिंतीला गोण्या वाहायच्या अकरा निळ्या हातगाड्या धूळ खात उभ्या आहेत. त्यांच्याकडे बघत प्रश्न येतो, शब्दही जवळजवळ तेच: "तुम्ही तर हमाल, आडते, ड्रायव्हर, सगळ्यांना बरोबर घेऊन बनवली होती ना? मग कोणी वापरली कशी नाही?"

इतकी वर्षं "मार्केट तयार नव्हतं" असं सांगून मी सुटत आले. ते खोटं आहे.

आधी माझी बाजू, कारण ती कोणी ऐकूनच घेत नाही. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये आम्ही सहा महिने पहाटे जात होतो. एका सकाळी घड्याळ लावून मोजलं. एका माणसानं पाऊण तासात ४१ गोण्या ट्रकच्या फाळक्यावरून पाठीवर घेतल्या आणि गाळ्यातल्या थप्पीला लावल्या. गोणी पन्नास किलोची, म्हणजे कागदावर तरी. काट्यावर साठ भरलेलीही मी पाहिली आहे. एका माणसानं ५५ किलोच्या वर ओझं वाहू नये अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ सालीच केलेली आहे. पाऊण तासात दोन टन पाठीवरून गेलेले बघून घरी स्वस्थ झोपणारी माणसं असतील. मला झोप लागेना. म्हणून ती गाडी: हातपंपाच्या जॅकवर फाळक्याच्या उंचीला येणारी, गोणी घेऊन थेट थप्पीपर्यंत जाणारी.

आणि हो, विचारलं होतं. चार बैठका घेतल्या. पहिली सकाळी अकराला ठेवली, तर खुर्च्यांवर आमचे आम्हीच. ऐन आवकेच्या वेळी कोण येणार? पुढच्या तिन्ही दुपारी तीनला, आणि येणाऱ्याची मजुरी बुडू नये म्हणून तेवढे पैसे देऊन. पहिल्या नमुन्याला चार इंची नायलॉनची चाकं होती. टोळीचे मुकादम आबा, सातारा जिल्ह्यातले, साठीला टेकलेले. ते काही बोलले नाहीत. खाली वाकले, कांद्याची ओली सालं मूठभर उचलली आणि चाकाखाली टाकली. गाडी बाजूला घसरत गेली. दुसऱ्या खेपेला आम्ही आठ इंची हवेची चाकं लावली. मुठीची उंची आम्ही शरीरमापांच्या तक्त्यातून काढली होती. आबांना उभं करून टेप लावली तर ती ९४ सेंटिमीटर निघाली, आमच्यापेक्षा बरीच कमी. तीच ठेवली. त्यामुळे "तुम्ही त्यांचं ऐकलंच नसेल" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

यावर मी ठाण्यातल्या एका कॉलेजात भाषणही ठोकलं. त्यात एक स्लाइड होती 'युटोपिया' प्रकल्पाची. १९८१ ते १९८५ या काळात स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या संशोधकांनी तो छपाई कामगारांच्या युनियनबरोबर केला होता. हवी ती यंत्रं अजून हाताशी नव्हती, म्हणून त्यांनी फळ्या आणि पुठ्ठ्याची खोकी मांडली आणि उद्याचं काम कसं असेल ते कामगारांना करून बघायला दिलं. आम्हीही आधी पुठ्ठ्याचीच गाडी केली होती, तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं, तेच तंत्र. तिथे युनियन प्रकल्पाची पाहुणी नव्हती, भागीदार होती, एवढं मात्र गाळलं. खोकी आम्ही उचलून आणली, युनियन तिथेच ठेवली.

दुसऱ्या स्लाइडवर शेरी आर्नस्टीन या अमेरिकन बाईंची शिडी. लोकांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या, तळाला लोकांना नुसतं वापरून घेणं, माथ्यावर सगळा ताबा लोकांकडे. नुसतं मत विचारणं चौथ्या पायरीवर येतं. मी आमचा प्रकल्प सहाव्या पायरीवर, भागीदारीच्या, लाल ठिपका देऊन दाखवला होता. त्या बाईंचा लेख १९६९ चा. महाराष्ट्राचा माथाडी कायदाही १९६९ चाच. दोन्ही सालं मला तोंडपाठ होती, पण ती एकमेकांशेजारी ठेवून बघायचं कधी सुचलं नाही. माथाडी कामगारांनी त्या कायद्यानं मजुरी, कामगारांचं मंडळ, लेव्ही (मालकानं मजुरीवर भरायची वर्गणी) असं बरंच काही पदरात पाडून घेतलं होतं, आणि मी त्यांना सहभाग शिकवायला निघाले होते.

युनियनला का बोलावलं नाही? ज्या कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी काढलेला, पैसा होता, त्यांचे साहेब म्हणाले, "राजकारण नको." हे मी नेहमी सांगते. ते ऐकून मला हायसं वाटलं, हे सांगत नाही. सहा महिने तारीख मिळाली नसती, सभा घ्याव्या लागल्या असत्या, वर्षअखेरीच्या अहवालाची तारीख चुकली असती. आजही वाटतं, यातलं काही खोटं नव्हतं.

आता ती सकाळ.

२०१९ चा फेब्रुवारी, लाल कांद्याची आवक जोरात. प्रात्यक्षिक ठेवलं होतं. गाळ्यासमोर धक्क्यावर दोन कोऱ्या गाड्या, कंपनीचे साहेब, आडते शेठ, फोटोग्राफर. आबांची टोळी वेळेवर आली, पण गाडीला कोणी हात लावेना. आबांनी आठही जणांना ओळीत उभं केलं. सगळ्यात धाकटा बावीसेक वर्षांचा, आबांचा पुतण्या, त्याच्या खांद्यावर अजून गोणपाटाची घडी होती. मग आबांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला. आमचं पत्रक. आडत्यांसाठी छापलेलं, ते टोळीपर्यंत जाईल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. वरची ठळक ओळ: 'आठ जणांचं काम पाच जणांत.'

ती ओळ मीच लिहिली होती. आवडलीही होती.

"ताई, ही बगा टोळी. आठ. कागदावर पाच लिवलंय. यातलं तीन कोनचं, तेवढं सांगा. आमी आजपासनं गाडी घेतो."

आवाज चढलेला नव्हता, थट्टाही नव्हती. शेठनी मोबाइल काढला. मी म्हटलं, "तसा अर्थ नाही हो त्याचा."

"मंग कसा हाय?"

म्हटलं, उरलेले तिघं दुसरा ट्रक उतरवतील.

"दुसऱ्या ट्रकाला दुसरी टोळी हाय."

हे मला माहीत असायला हवं होतं. सहा महिने मी तिथे काय बघत होते? गोणीमागे मजुरी, ती टोळीत वाटून, टोळी ठरलेली, तिचे गाळे ठरलेले. पाचांत भागतंय म्हटल्यावर दर पाडा नाहीतर टोळी लहान करा, हे शेठ दुसऱ्याच दिवशी म्हणणार. गोणी हलकी झाली की मजुरीही हलकी होणार.

पण मला अजून टोचतं ते हे नाही. आबांनी विचारल्यावर मी त्या ओळीकडे बघितलं आणि मनातल्या मनात खरंच निवडायला लागले. डाव्या पायानं लंगडणारा एक. सगळ्यात वयस्कर एक, म्हणजे खुद्द आबा. तिसऱ्यावर अडले तेव्हा भानावर आले. ज्यांची पाठ वाचवायला सहा महिने पहाटे उठले, त्यांनाच मी आधी काढलं होतं. हे आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

परतीला तुर्भ्याहून ठाणे लोकल पकडली. मोबाइलमध्ये जुन्या बैठकांचे फोटो चाळत बसले, बहुधा स्वतःची बाजू शोधायला. घणसोलीच्या आसपास एक फोटो मोठा करून बघितला. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या. हिरव्या सूचनांच्या, पिवळ्या अडचणींच्या. एका पिवळ्या चिठ्ठीवर माझंच अक्षर: 'मुकादम: माणसं कमी होतील. (बदलाची भीती. ट्रेनिंगने सुटेल.)' तारीख पहिल्या महिन्यातली. चाकाचं सांगितलं ती हिरवी चिठ्ठी, मुठीचं सांगितलं ती हिरवी. पोटाचं सांगितलं ती पिवळी, आणि ती मी कंसात टाकून मिटवली होती. अहवालात "मुकादमांच्या ९ पैकी ८ सूचना स्वीकारल्या" असंही मीच लिहिलेलं आहे.

त्या वेळच्या मला आज सुनवायला सोपं आहे. पण तीही गप्प बसत नाही. ती म्हणते, मजुरीचा दर डिझायनरच्या हातात असतो का? तो ठरवणारे वेगळे. युनियनला नकाराचा हक्क दिला असतास तर गाडी झालीच नसती, आणि पाठी मोडतच राहिल्या असत्या. ते तुला चाललं असतं? मी म्हणते, पत्रक तर तुझ्या हातात होतं. ती म्हणते, पत्रकाशिवाय शेठनी गाडी विकत घेतली असती का? यापुढे आमच्या दोघींचं भांडण कधी गेलेलं नाही.

 

आता एका वेगळ्या कामाचं बोलणं चालू आहे, गोदामातलं. करारात मी एक कलम घातलंय: या उत्पादनामुळे टोळीची नोंदलेली संख्या आणि गोणीमागचा दर तीन वर्षं कमी करता येणार नाही, आणि मसुद्यावर संघटनेची सही लागेल. मसुदा पैसे देणाऱ्यांच्या वकिलाकडे पाच आठवडे पडून आहे. माझा भागीदार म्हणतो, हे कलम राहिलं तर काम गेलंच समज. बरोबर असेल त्याचं.

गेल्या दिवाळीत आबांना फोन केला होता. ते आता गावी असतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलंच, "आबा, खरं सांगा, गाडी कशी होती?"

"चांगली हुती की."

"मग?"

"चांगली हुती म्हनूनच तर."

थोडं थांबून म्हणाले, एखादी पडून असेल तर द्या पाठवून, शेणखत न्यायला होईल. पूर्वी भिंतीला बारा होत्या. बारावी मी टेम्पोनं पाठवली. मूठ बदलायची गरज नव्हती, उंची त्यांचीच आहे.