एल्व्हिसचे लाल भाऊबंद

बँडचं नाव रेड एल्व्हिसेस. म्हणजे एल्व्हिस प्रेस्लेचे कम्युनिस्ट भाऊबंदच म्हणायचे. १९९७ च्या अल्बमचं नाव काय, तर ‘सर्फिंग इन सैबेरिया’. भडक कपडे, तेल लावून काढलेला केसांचा कोंबडा, आणि बेस वाजवणाऱ्या ओलेग बेर्नोव्हच्या पुढ्यात लालबुंद, तिकोनी, अवाढव्य बेस बालालायका, म्हणजे रशियन तंतुवाद्य.

सोव्हिएत युनियनमधून आलेल्या या मंडळींनी १९९५ साली लॉस एंजेलिसमध्ये बँड जमवला आणि शेजारच्या सांता मोनिकात भर रस्त्यावर वाजवायला सुरुवात केली. बँडचा म्होरक्या इगोर यूझोव्ह सांगतो, स्वप्नात एल्व्हिस आला आणि म्हणाला, रॉक अँड रोल वाजव. आपल्याकडे दृष्टान्त झाला की माणूस देऊळ बांधतो. यानं बँड काढला.

परक्या मुलखात पोटासाठी आपलीच टिंगल आपण विकायची, हा धंदा जुना आहे. लोक आपल्या उच्चारांना हसणारच असतील, तर हसण्याचे पैसे तरी घ्यावेत! मला यात लाचारी दिसत नाही. चांगला बेरकीपणा दिसतो.

थट्टा वरवरची, वाजवणं मात्र पक्कं. हे वाजवतात सर्फ संगीत, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर स्वार होणाऱ्या पोरांचं गिटारवरचं रॉक. सर्फ गिटारचा जीव उजव्या हातात. एकाच तारेवर वर-खाली, वर-खाली, इतकं भरभर की सुटे ठोके विरून एक थरथरता सूर उरतो, आणि त्यावर अँप्लिफायरमधल्या स्प्रिंगांचा ओलसर घुमारा. छोट्या बालालायकावरही हात असाच चालतो, फक्त पिकऐवजी तर्जनीनं. जुन्या हिंदी गाण्यांतलं मेंडोलिन आठवा, म्हणजे कानाला लगेच पटेल. रशियन लोकगीताची उदास चाल त्या घुमाऱ्यात सोडली की जोड कुठे दिला तेच कळत नाही.

आणि सर्फ संगीत तरी अस्सल कॅलिफोर्नियाचं कुठे आहे? त्याचा राजा डिक डेल, मूळचा बॉस्टनचा रिचर्ड मन्सूर, बाप लेबनीज घराण्यातला. १९६२ मध्ये त्यानं गाजवलेली ‘मिसरलू’ ही भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडची जुनी धून. तिचे स्वर पेटीवर काढून बघा: रे कोमल, ग शुद्ध, ध कोमल, नी शुद्ध. सरळसरळ भैरव थाट! पहाटेचं गांभीर्य सोडून भैरव चड्डीवर समुद्रात उतरलाय, असं मला दर वेळी वाटतं. बुवांच्या कानावर जाऊ नये म्हणजे झालं.

तेव्हा या रशियनांनी काही भलतंच केलं असं नाही. एका स्थलांतरितांच्या नातवानं उघडं ठेवलेल्या दारातून हे आत शिरले, एवढंच. ड्रमवर एक अमेरिकनही घेतला. पुढे माणसं आली-गेली, यूझोव्ह टिकून राहिला. रशियानं अमेरिका जिंकली असं कल्पून १९९८ मध्ये ‘सिक्स-स्ट्रिंग सामुराई’ नावाचा चित्रपट आला. त्याला संगीत यांचं, आणि पडद्यावर वाजवणारा बँडही हाच. असलं काम यांना सोडून दुसऱ्या कुणाला मिळणार?